पद्मिनीकांत

लग्न ठरलं की माणसं हॉल शोधतात. पद्मिनीकांत फॅन बेल्ट शोधतो.

ही जमात मुलुंड, ठाणे, डोंबिवली, पुण्यात कोथरूड, नाशकात गंगापूर रोड अशा पट्ट्यात आढळते. वय तिशीच्या आसपास, नोकरी संगणकाची, पगार बरा, स्वभाव गरीब. ओळखायच्या खुणा दोन. एक, नखांत कायम काळं ऑइल. साखरपुड्याच्या फोटोत अंगठी दिसायच्या आधी ते दिसतं. दुसरी, सोसायटीच्या आवारात ताडपत्रीने झाकलेली एक अवजड वस्तू, जिच्यावर दर वार्षिक सभेत 'आयत्या वेळचे विषय' या सदरात चर्चा होते आणि पुढच्या वर्षावर ढकलली जाते.

ताडपत्रीखाली प्रीमियर पद्मिनी असते. आमच्या इमारतीतल्या पद्मिनीकांताची गाडी १९७५ची. त्याच्या आजोबांनी लग्नाच्या वर्षी नंबर लावला आणि गाडी दारात आली तेव्हा थोरला मुलगा तिसरीत होता. त्या काळी गाडी विकत घेत नसत, तिची वाट बघत. त्यामुळे आल्यावर तिला घरात जे स्थान मिळालं ते पुढे कोणत्याही सुनेला मिळालं नाही. आजोबा गेले, वडिलांना मारुती आवडली, आणि गाडी वारसाहक्काने नातवाकडे आली. दुसरा वारस पुढेच आला नाही, एवढीच त्या वाटणीतली गुंतागुंत.

गाडीबद्दल याला एक प्रश्न विचारावा आणि खुर्ची ओढून बसावं. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स कशी काढली, कुर्ल्याला कारखाना कसा घातला, इटलीच्या फियाटशी करार करून गाड्या कशा बनू लागल्या, त्यातल्या गोल पाठीच्या गाडीला लोक 'डुक्कर फियाट' का म्हणत, मग डिलाइट, मग प्रेसिडेंट, मग पद्मिनी, ही वंशावळ तो न थांबता सांगतो. स्वतःच्या पणजोबांचं नाव त्याला आईला विचारावं लागतं. कोणी गाडीला 'टॅक्सी' म्हटलं तर मात्र त्याचा चेहरा पडतो. मुंबईतली पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३मध्ये रस्त्यावरून कायमची उतरली. शेवटच्या टॅक्सीची नोंदणी ताडदेवला ऑक्टोबर २००३मध्ये झाली होती, वीस वर्षांची मुदत संपली. त्या आठवड्यात हा कामावर गेला नाही. आईने शेजारीपाजारी 'जवळचं कोणी गेलं' एवढंच सांगितलं.

तर अशा या मुलाचं लग्न ठरलं. मुलगी नाशिकची. तिला आपण नाशिककरीण म्हणू. दुसऱ्याच भेटीत तिने विचारलं, "हनिमूनला कुठे जायचं?" आणि मनालीचं नाव सुचवलं. तिच्या तीन मैत्रिणी मनालीला जाऊन आल्या होत्या आणि तिघींचेही संसार अजून चालू होते. तिच्या दृष्टीने एवढा पुरावा पुरे होता.

"मनालीला सगळेच जातात," पद्मिनीकांत म्हणाला. "आपण आग्र्याला जाऊ."

"आग्र्याला सगळे जात नाहीत?"

"आग्रा रोडने जात नाहीत."

इथे त्याची बाजू नीट सांगायला हवी, कारण ती अगदीच टाकाऊ नाही. मुंबईच्या शीवपासून ठाण्यापर्यंत जाणारा लाल बहादूर शास्त्री मार्ग म्हणजे जुना आग्रा रोड. मुलुंड-भांडुपची म्हातारी माणसं रिक्षावाल्याला अजून तेच नाव सांगतात. पद्मिनी जिथे जन्मली तो कुर्ल्याचा कारखाना याच रस्त्यावरचा. म्हणजे गाडी आग्रा रोडवर जन्मली, पन्नास वर्षं आग्रा रोडपासून हाकेच्या अंतरावर उभी राहिली, आणि तिने आग्रा बघितलं नाही. हे दुःख तो असं काही सांगतो की ऐकणाऱ्याला क्षणभर आपल्याच घरातल्या कोणाला तरी काशी घडवायची राहून गेली असं वाटतं. शिवाय बायकोचं माहेर नाशिक, तेही याच रस्त्यावर. रस्त्याच्या टोकाला ताजमहाल. मधुचंद्राला याहून चोख रस्ता देशात नाही, असा त्याचा दावा. अंतर सुमारे बाराशे किलोमीटर, इंजिन १०८९ सीसी, वेग ताशी पन्नास. "साठ का नाही?" असं विचारलं तर तो म्हणतो, "साठला ती बोलते." काय बोलते ते विचारू नये, तो ऐकवतो.

मग त्याने फाइल केली. ही जमात प्रवास करत नाही, फाइल करते. पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत ध्येय लिहिलं होतं: 'संपूर्ण प्रवास एनएच ३ वरून. तडजोड नाही.' मुंबई-आग्रा रस्त्याचा जुना सरकारी नंबर ३. त्या आकड्याचे स्टिकर छापून झाले, डिकीवर एक चिकटलं. दोघांसाठी 'एनएच ३' छापलेले टी-शर्ट आले. लग्नपत्रिकेवर कोपऱ्यात छोटासा पिवळ्या डोक्याचा मैलाचा दगड काढून घेतला होता. हा कोणाचा कुलदेव, असं मुलीच्या आजीने विचारलं.

दुसऱ्या पानापासून रस्ता सुरू. पद्मिनीकांताच्या मते बायपास हा रस्त्याचा अपमान आहे. चौपदरी रस्ता गावाला वळसा घालून जातो, मग त्या गावाचं नाव हिरव्या पाटीवर राहतं आणि गाव राहतं डाव्या हाताला, न दिसणारं. म्हणून हा प्रत्येक गावात शिरणार: शहापूर, इगतपुरी, चांदवड, मालेगाव, धुळे, शिरपूर, सेंधवा. कोणत्या गावात जुना रस्ता कुठून फुटतो, कुठे पुन्हा हमरस्त्याला लागतो, कुठे आता भाजी मंडई भरते आणि ती किती वाजता उठते, हे सगळं नकाशावर लाल पेनाने. मुलीच्या काकांनी समृद्धी महामार्गाची सूचना केली. इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा जून २०२५मध्ये सुरू झाल्यापासून कसारा घाट चढावाच लागत नाही, बोगद्यातून सरळ पलीकडे, असं ते कौतुकाने सांगत होते. पद्मिनीकांत शांतपणे म्हणाला, "काका, ज्या रस्त्याला गाव लागत नाही त्याला रस्ता म्हणू नये." काका पुढे साखरपुड्याला आले, पण जेवले नाहीत.

मला स्वतःला त्याचं हे म्हणणं पटतं. चांदवडला होळकरांचा रंगमहाल आहे, लाकडी खांबांचा, अहिल्याबाईंच्या नावाने ओळखला जाणारा. त्या गावावरून ताशी शंभरच्या वेगाने जाणाऱ्या किती नाशिककरांनी तो पाहिला असेल? धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळ आहे, इतिहासाचार्यांनी गोळा केलेले कागद तिथे आहेत. धुळ्याच्या अलीकडे रस्त्यालगतच्या डोंगरावर लळिंगचा किल्ला दिसतो, तो बघायला गाडीचा वेग पन्नासच हवा. खलघाटला नर्मदा ओलांडायची, तिथून महेश्वर जवळ. पुढे इंदूर. शिंदे-होळकरांचा अर्धा इतिहास या एका रस्त्याला लागून आहे. हे वाचलेला नवरा मिळणं वाईट नाही. प्रश्न एवढाच की हे सगळं त्याने मधुचंद्रात बसवलं होतं.

नाशिककरीण फाइल वाचायला बसली. ती बँकेत आहे, कागद वाचायची तिला सवय आहे. तिने पेन्सिल घेतली आणि मार्गावरच्या प्रेक्षणीय स्थळांसमोर बारीक खुणा करत गेली. रावेरखेडी: थोरल्या बाजीरावांची समाधी, १७४०. त्यासाठी नर्मदेकाठाने वाट वाकडी करायची होती. इंदूर: कृष्णपुऱ्याच्या होळकरांच्या छत्र्या. शिवपुरी: शिंद्यांच्या छत्र्या, आणि त्याच दुपारी तात्या टोप्यांना १८५९ साली फाशी दिलं त्या जागेचं स्मारक. ग्वाल्हेर: राणी लक्ष्मीबाईंची समाधी, नंतर तानसेनाची कबर. आग्रा: ताजमहाल.

"हा हनिमून आहे की पितृपक्ष?" तिने विचारलं.

पद्मिनीकांताने फाइल आपल्याकडे ओढून नव्याने वाचली. त्याला हे खरोखर आधी दिसलं नव्हतं. या माणसांचा हा मोठा गुण: टीका मनाला लागत नाही, तपशिलात लागते. तो म्हणाला, "तानसेन काढतो. बाजीराव राहू दे."

मुलीच्या भावाने तेवढ्यात भर घातली की आग्र्याहून परत यायचं जमलं नाही तर पेटाऱ्यांची सोय आहेच, १६६६ साली महाराजांनी केली तशी. हा विनोद त्या घरात पुढे सगळ्यांनी एकेकदा केला.

मध्यंतरी कायद्याचं एक प्रकरण निघालं. पन्नास वर्षं ओलांडलेल्या खासगी गाडीला मूळ रूपात असेल तर 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी मिळते, केंद्र सरकारचे २०२१चे नियम आहेत. वीस हजार रुपये फी, आणि नंबर प्लेटवर 'व्हीए' ही मानाची अक्षरं. त्या दोन अक्षरांसाठी पद्मिनीकांत किडनी विकायला तयार होता. पण त्याच नियमांत पुढे लिहिलंय की अशी गाडी रस्त्यावर रोज वापरायची नाही. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, व्हिंटेज गाड्यांची रॅली, पेट्रोल भरणं आणि देखभाल, एवढ्यासाठीच बाहेर काढायची. ही यादी त्याने मला वाचून दाखवली तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते.

"यात मधुचंद्र कुठे बसेल?" त्याने विचारलं.

मी म्हटलं, "तांत्रिक संशोधनात."

त्याने ते गांभीर्याने लिहून घेतलं. दोन दिवसांनी सांगायला आला की अक्षरांचा मोह सोडला, गाडी आहे त्याच नंबरवर जाईल.

आता उस्तादांबद्दल. प्रत्येक पद्मिनीकांताला एक उस्ताद असतो. कुर्ला, भायखळा, नाहीतर भिवंडी नाक्याच्या आसपास त्यांचं गॅरेज, वय सत्तरीकडे झुकलेलं, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. या घरात भटजी बदलले, डॉक्टर बदलले, उस्ताद तेच. लग्नाचा मुहूर्त भटजींनी काढला होता, पण त्यावर उस्तादांचा होकार यायचा होता, कारण हेडचं काम, रिंग-पिस्टन, कार्बोरेटरची साफसफाई आणि क्लच प्लेट आटोपायला किती दिवस लागतील ते त्यांनाच माहीत. भटजींनी तीन तारखा दिल्या, उस्तादांनी तिन्ही मोडल्या. चौथीला म्हणाले, "हो जायेगा साहेब." तो मुहूर्त धरला गेला. मुलीकडच्यांना गुरुबळाचं कारण सांगितलं.

गाडी तयार झाल्यावर उस्तादांनी बॉनेट बंद केलं, फडक्याने हात पुसले आणि म्हणाले, "एकदम मक्खन. नई दुल्हन. बस साहेब, लांब नेऊ नका."

हे शेवटचं वाक्य पद्मिनीकांताने घरी कोणाला सांगितलं नाही. मला सांगितलं, कारण मला उस्तादांचं म्हणणं कसं वाटतं ते त्याला हवं होतं. या लोकांना सल्ला नको असतो, दुसरं मत हवं असतं, आणि तेही पहिल्यापेक्षा बरं.

सुट्या भागांची यादी चार पानी झाली. प्लग, पॉइंट, कंडेन्सर, रोटर, फॅन बेल्ट दोन, रेडिएटरचे होज, हेड गॅस्केट, पेट्रोलचा पंप अख्खा एक, पान्ह्यांचा पूर्ण संच, ऑइल, ब्रेक ऑइल, पाण्याचे दोन कॅन. डिकीचं माप घेऊन प्रत्येक वस्तूची जागा आखलेली. सगळं आखून झाल्यावर उजव्या कोपऱ्यात एक चौकोन उरला होता, त्यात लिहिलं होतं: 'ती: १ बॅग (लहान)'.

नाशिककरणीने तो चौकोन पाहिला. काही बोलली नाही. हेड गॅस्केट ही वस्तू रस्त्यात कोण बदलणार, एवढंच विचारलं. तो म्हणाला, रस्त्यात बदलता येत नाही, पण सोबत असलेली बरी. तिने गॅस्केटवर काट मारून तिथे 'छत्री' लिहिलं.

लग्नाला काही आठवडे उरले असताना चाचणीचा रविवार ठरला. मुलुंडहून निघायचं, कसारा चढायचा, इगतपुरीला घाटनदेवीचं दर्शन घ्यायचं. नाशिकहून मुलीचे वडील तिथे येणार, गाडी बघणार. हे गृहस्थ ओझरच्या विमानाच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. आग्रा रोडवरच्या त्या कारखान्यात मिग बनत, त्यांचं आयुष्य नटबोल्टच्या तपासणीत गेलं. पद्मिनीकांताला त्यांच्यासमोर बॉनेट उघडायचं होतं. लग्नाळू मुलं सासऱ्यासमोर पगाराचा कागद ठेवतात, हा टायमिंग दाखवणार होता.

ऊन चढलं होतं. शहापूर छान गेलं, खर्डी गेली, गाडी साठच्या खाली होती आणि बोलत नव्हती. स्टिअरिंगजवळचा हातगिअर तो दोन बोटांनी टाकत होता. काचा खाली, त्रिकोणी व्हेंटिलेटर उघडा, पुढची सीट अखंड. मला नंतर नाशिककरणीने सांगितलं की त्या तासाभरात तिला हा मुलगा पहिल्यांदा देखणा वाटला. मग घाट लागला.

त्या काळातली कोणतीही कार्बोरेटरची गाडी उन्हाळ्यात घाट चढताना एक खोड दाखवते. इंजिन तापतं, पंप तापतो, पंपातल्या पेट्रोलची वाफ होते, आणि पंप पेट्रोलऐवजी वाफच चघळत बसतो. मेकॅनिकच्या भाषेत, 'पेट्रोल उचलत नाही'. उपाय सोपा आणि जगजाहीर: पंपावर ओलं फडकं टाकायचं आणि थांबायचं. पद्मिनीकांताच्या डिकीत अख्खा पंप होता, पाण्याचे दोन कॅन होते. चार पानी यादीत फडकं नव्हतं.

तिने इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाली, "टी-शर्ट काढ."

'एनएच ३'चा टी-शर्ट भिजवून पंपावर पसरला गेला आणि नियोजित वर कसारा घाटात बनियनवर उभा राहिला.

यानंतर जे घडतं ते प्रत्येक जुन्या गाडीच्या नशिबी असतं आणि त्यासाठीच ही माणसं गाड्या बाळगतात असा माझा संशय आहे. पहिली इनोव्हा थांबली. साठीचे गृहस्थ उतरले, बॉनेटमध्ये डोकावले आणि म्हणाले, "आमच्याकडे होती. नऊजण बसायचो." दुसरी गाडी थांबली. "आमच्याकडे होती. अकराजण, शिवाय कुत्रा." तिसऱ्याने गाडी शिकली ती हिच्यावर, चौथ्याच्या वडिलांनी विकली तेव्हा आई दोन दिवस जेवली नव्हती, पाचवा सिन्नरजवळ चालत्या गाडीत जन्मला होता आणि त्याला आतली सीट बघायची होती. एका ट्रकवाल्याने मिनरल वॉटरची बाटली रेडिएटरवर रिकामी केली, पैसे घेतले नाहीत. मदत म्हणून कोणी काही करत नव्हतं. सगळे आपापल्या वडिलांना भेटून जात होते. इनोव्हातून हॉर्न वाजत राहिला, शेवटी त्या गृहस्थांची बायको स्वतःच उतरली. तिने बनियनमधला मुलगा पाहिला, शेजारची मुलगी पाहिली, आणि तिला बाजूला घेऊन म्हणाली, "माझा हनिमून अशाच गाडीत झाला हो. माथेरानपर्यंत."

"छान!"

"मागच्या सीटवर सासूबाई होत्या."

तासाभराने टी-शर्ट सुकला, पंप निवला, पण गाडी सुरू होईना. वाट बघून सासरेबुवा स्वतःच इगतपुरीहून पलीकडच्या घाटाने खाली उतरून आणि वळून वर आले. जावई बनियनवर. सासऱ्यांनी नमस्कार स्वीकारला, चष्मा लावला, पंप काढायला लावला, उघडला, आतलं रबराचं डायफ्रॅम उजेडात धरलं. त्याला केसाएवढी चीर होती. खिशातून रुमाल काढून त्यांनी ते त्यात नीट गुंडाळलं. डिकीतला दुसरा पंप लावायला घेतला तर तोही उस्तादांकडच्या जुन्या साठ्यातला, डायफ्रॅम वाळून कडक झालेलं.

"विमान असतं तर मी कागदावर सही केली नसती," ते म्हणाले.

"गाडीच्या ना, बाबा?"

"बघतो," ते म्हणाले.

गाडी टो करून खाली आली. सबंध वाटेत नाशिककरीण तिच्या वडिलांच्या गाडीत बसली नाही, दोराला बांधलेल्या पद्मिनीतच बसली, हे मी मुद्दाम नोंदवतो.

तरीही बेत रद्द झाला नाही. तो रद्द झाला ताजमहालामुळे. वेळापत्रकाप्रमाणे जोडपं आग्र्याला पोचत होतं शुक्रवारी, आणि शुक्रवारी ताजमहाल बंद असतो. एक दिवस आधी पोचायचं तर बाजीराव गाळायला हवेत. बाजीराव गाळायला तो तयार नव्हता. शनिवार धरला तर परतीचं सगळं गणित कोलमडत होतं. नाशिककरणीने त्यावरही तोड काढली, रजा वाढवून घेतली. मग तिने सहज विचारलं, "गाडी ताजपर्यंत जाते का?"

फाइलच्या शेवटच्या पानावर एक चित्र होतं, त्याने हाताने काढलेलं. पुढे गाडी, मध्ये ती, मागे ताजमहाल. आकार त्याच क्रमाने कमी होत गेलेला. सबंध बेत या एका फोटोसाठी होता. आणि ताजमहालाच्या पाचशे मीटरांच्या आत पेट्रोल-डिझेलच्या गाड्यांना बंदी आहे. धुराने संगमरवर खराब होतो म्हणून गाड्या लांबच्या पार्किंगमध्ये ठेवायच्या आणि पुढे चालत नाहीतर बॅटरीच्या गाडीतून जायचं. कितीतरी वर्षांचा नियम आहे, आग्र्याला जाऊन आलेल्या कोणालाही माहीत असतो. पद्मिनीकांताने बाराशे किलोमीटरांतली भाजी मंडई तपासली होती, हे तपासलं नव्हतं.

"म्हणजे शेवटी ई-रिक्षा," ती म्हणाली.

तो गॅलरीत जाऊन उभा राहिला. खाली ताडपत्री दिसत होती.

मग नाशिककरणीने फाइलचं पहिलं पान काढलं आणि त्याच्यासमोर धरलं. संपूर्ण प्रवास एनएच ३ वरून, तडजोड नाही. "हे तुझंच आहे ना?" तो हो म्हणाला. तिने फोन पुढे केला. सरकारने २०१० साली राष्ट्रीय महामार्गांचे नंबर नव्याने लावले, तेव्हा मुंबई-आग्रा रस्त्याचा ३ हा आकडा गेला. त्या रस्त्याचे तुकडे झाले आणि प्रत्येक तुकडा वेगळ्या नंबरात गेला: धुळ्यापासून इंदूरवरून पुढे तो ५२ झाला, ग्वाल्हेर ते आग्रा ४४. आणि आजचा राष्ट्रीय महामार्ग ३ अटारीहून निघतो, अमृतसर, जालंधर, मंडी, कुलू करत मनालीला येतो आणि पुढे लेहला जातो.

तिने बँकेत थकबाकीदारांशी बोलतात त्या आवाजात विचारलं, "तडजोड करायची आहे का?"

ती दोघं मनालीला जाऊन आली. चंदीगडपर्यंत रेल्वे, पुढे बस. तिथल्या मुक्कामाचे फोटो मी पाहिलेत. बर्फात ती, सफरचंदाच्या बागेत ती, सोलांगला ती. त्याचा एकच फोटो आहे: रस्त्याच्या कडेला पिवळ्या डोक्याच्या दगडाला मिठी मारून बसलाय, अंगात तोच टी-शर्ट, पंपाच्या ऑइलचा डाग छातीवर.

संसार बरा चाललाय. सासरेबुवा महिन्याच्या दुसऱ्या रविवारी नाशिकहून येतात, मुलीला भेटायला असं म्हणतात, आणि दिवसभर बॉनेटखाली असतात. त्यांनी उस्तादांशी पहिल्याच भेटीत भांडण काढलं. आता दोघं फोनवर तासन्तास बोलतात. फाइल चालू आहे. नवी आवृत्ती पहिल्या लग्नवाढदिवसाची आहे, रस्ता तोच, प्रेक्षणीय स्थळांतून दोन समाध्या नाशिककरणीने आणखी कमी केल्यात आणि डिकीतला तिचा चौकोन वाढून अर्ध्यापर्यंत आलाय. मला विचाराल तर ही गाडी याही वर्षी इगतपुरीच्या पलीकडे जाणार नाही, आणि त्याने कोणाचं काही बिघडणार नाही.

कधी मुलुंडला आलात तर रविवारी सकाळी आमच्या आवारात जरूर या, चहा मिळेल. तुमच्या घरी पद्मिनी होती आणि तिच्यात किती माणसं बसायची ते सांगू नका, ते सगळे सांगतात. त्यापेक्षा एखाद्या जुन्या गॅरेजात पेट्रोल पंपाचं नवं डायफ्रॅम मिळतं का बघा, आणि मिळालं तर दोन आणा.